उघाडी, दहा ते पाच

पारादीप
२९ जुलै

केतनदादा,

नंबर ब्लॉक केलास म्हणून कागद घेतला. कागद ब्लॉक होत नाही. न वाचता फेकायचा असेल तर फेक, पण पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात घातलंय आणि आपला पोस्टमन नामा आहे. परेशचं पत्र थेट ओडिशावरनं आलं आणि केतनशेठनं ते फोडलंसुद्धा नाही, हे तो मच्छी मार्केटपासून एसटी स्टँडपर्यंत सांगत जाईल.

फोनवर मी तुला आईवरनं शिवी दिली. आपली आई एकच आहे हे देऊन झाल्यावर लक्षात आलं. तेवढी परत घेतो. बाकीचं बोललो ते तसंच राहू दे.

आता सरळ विचारतो. बाच्या विरोधात पोलीस स्टेशनात जो अर्ज गेलाय त्याच्यावर तुझी सही आहे का नाही? मला कळलंय की आहे. पाच सह्या आहेत आणि तिसरी तुझी. कोणी सांगितलं ते विचारू नको. अर्जात लिहिलंय म्हणे, ‘दयाराम नावाच्या इसमाने पहारीने कुलूप तोडून नवीन गेटचे नुकसान केले व त्यामुळे शहरात पाणी शिरले.’

इसम?

सही करताना तो शब्द तुझ्या डोळ्याखालनं गेला असेल ना? तू बारावी पास आहेस, मी सातवीत बसलो तो उठलोच नाही, पण एवढं वाचता मलाही येतं. ज्या इसमाच्या खांद्यावर बसून तू बंधाऱ्यावर फिरलास, ज्या इसमानं तुझ्या पहिल्या डंपरच्या चाकाखाली नारळ ठेवला, तो इसम.

तुला सगळं ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण ठाऊक नसल्यासारखं तू करतोयस.

आपली जुनी उघाडी काय होती? खाडीच्या बंधाऱ्यात ठेवलेलं दार. ऐनाच्या लाकडाच्या जाड फळ्यांची झडप, वरच्या अंगाला बिजागरी, खाली मोकळी. भरती आली की खाडीचंच पाणी तिला दाबून बंद करायचं. ओहोटी लागली की शेतातलं आणि गावातलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जायचं. उघडायला माणूस नको, लावायला माणूस नको. माणूस लागायचा तो अडकलेला गाळ-काटक्या काढायला आणि फळी सैल झाली तर ठोकायला. ते काम आपल्या घरानं केलं. आज्यानं केलं, बानं केलं.

मग तुमचा मंच आला. ‘आपलं पाणखार’. नगराध्यक्षा मृणाल मॅडम, बंदराच्या कंपनीचा साहिल सर, डॉक्टर, रिटायर हेडमास्तर रावजी सर आणि वाहतूकदार म्हणून तू, असे पाच जण; मीटिंगला हॉल द्यायला रिसॉर्टवाला. सगळ्यांनी मिळून शहर सुधारायचं. बंधाऱ्यावर चालायला फरशी बसवली, दिवे लावले आणि उघाडी काढून तिथं लोखंडी गेट बसवलं. वर-खाली सरकणारं, एसटीच्या स्टिअरिंगएवढं चाक असलेलं. शेजारी बोर्ड: ‘गेट उघडण्याची वेळ सकाळी १०. बंद करण्याची वेळ सायंकाळी ५. रविवारी व सुट्टीच्या दिवशी बंद.’

खाडीला सुट्टी कोण देतं रे, दादा? कलेक्टर?

भरती रोज पाऊण तास पुढं सरकते. आपल्याकडं शेंबड्या पोरालाही येतं, तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, जे येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. उद्‌घाटन तुम्ही तीन जूनला केलंत. त्या दिवशी अष्टमी होती. भरती पहाटे सहाला, म्हणजे दहा वाजता ओहोटी लागलेली. मॅडमनी चाक फिरवलं, पाणी धो धो बाहेर गेलं, तुम्ही टाळ्या वाजवल्या. बा माझ्या बाजूला उभा होता. मला म्हणाला, “आज अष्टमी हाय म्हनून. अवसेला यांना कलंल.”

कळलं ना? जूनची अवस थोडक्यात निभावली, पण पंचवीस जुलै, अवसेचा दुसरा दिवस. भरती पावणेएकला. वरनं रात्रभर पाऊस. आणि तुमचा शिपाई दहाच्या ठोक्याला आला, बोर्डाप्रमाणे गेट पूर्ण उघडलं, चाकाला साखळी-कुलूप घातलं आणि चावी घेऊन ऑफिसात गेला. चढती खाडी सरळ आत आली. बुधाजीकाकाचं लावलेलं भात खाऱ्या पाण्याखाली, खालच्या आळीत गुडघाभर पाणी. बा ऑफिसात चावी मागायला गेला. साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणाले. मीटिंग कसली, तर तुमच्या मंचाची. बा माघारी आला, पहार घातली, कुलूप तोडलं, चाक फिरवून गेट खाली केलं. एकट्यानं, चौसष्टाव्या वर्षी. त्यानं ते केलं नसतं तर पाणी तुझ्या डंपरच्या शेडपर्यंत आलं असतं.

त्यासाठी इसम.

सही मागे घे. एवढंच.

परेश


पारादीप
५ ऑगस्ट

दादा,

वहिनीच्या फोनवरनं तुझा निरोप आला. चार ओळी. वाचून दाखवू तुझ्या तुला?

‘लांब बसून शिकवू नको. बा कोणाचं ऐकत नाही. माफीनामा लिहून दिला की मंच अर्ज मागे घेणार, मीच मध्ये पडून तेवढं ठरवलंय. आणि गेट बनत होतं तेव्हा तू कुठे होतास?’

शेवटच्या ओळीचं नंतर बोलू.

आधी माफीनाम्याचं. तू मध्ये पडलास म्हणतोस. मध्ये म्हणजे कुठं? एका बाजूला पाच खुर्च्या आणि दुसऱ्या बाजूला बा, याच्यात मध्ये असं काही नसतं. पाचातली एक खुर्ची तुझी आहे. माफी कसली मागायची बानं? पाणी अडवलं याची? का वेळेत अडवलं याची?

मला ठाऊक आहे तू काय म्हणणार. परेशला मंचाचा राग आहे, परेशला कोणी वर गेलेलं बघवत नाही. चूक. मंचानं केलंय ते मी नाकारत नाही. कचऱ्याची गाडी रोज येते ती तुमच्यामुळं. डॉक्टरनी कंपनीच्या मागे लागून ॲम्ब्युलन्स आणली. ती नसती तर मोरूची बायको म्हसळ्याच्या रस्त्यातच बाळंत झाली असती. कंपनीकडं पैसा, मॅडमकडं शिक्का, रावजी सरांकडं शब्द आणि तुझ्याकडं गाड्या. चांगलं आहे. पण खाडीचं काम काढलंत तेव्हा खाडीचा माणूस कोणता बोलावलात? त्या टेबलाभोवती ओल्या पायाचा एक तरी होता का?

तू होतास. तुला सगळं येतं. मला सांग, तो दहा ते पाचचा कागद टेबलावर आला तेव्हा तू काय म्हणालास? मीच सांगतो. काही नाही म्हणालास. साहिल सरांसमोर तिथी, पाऊणपट असलं बोलायची तुला लाज वाटली. आगऱ्याचा पोरगा दिसशील अशी भीती वाटली. मग कशाला बसला होतास तिथं? चहा प्यायला?

आणि ती जुनी झडप! काढली ती काढली, वर तिला पॉलिश करून सेल्फी पॉईंटवर टांगलीत. खाली पाटी, ‘आपला वारसा’. मुंबईची माणसं तिच्यासमोर तोंडं वाकडी करून फोटो काढतात. कामाला येणारी वस्तू शोभेला आणि शोभेची वस्तू कामाला, हे करायला पाच शिकलेली माणसं लागली.

इथं मी जेट्टीच्या कामावर आहे. दिवसभर पाण्यावर लोंबकळून वेल्डिंग. बाचा हिशोब इथं बसवून बघितला, बसत नाही. इथली भरती वेगळ्याच वेळेला येते. पहिल्या आठवड्यात इथल्या एका म्हाताऱ्या नावाड्याला विचारलं. भाषा येत नाही, हातानं विचारलं, चंद्र दाखवून. त्यानं बोटं मोजून सांगितलं. बरोबर निघालं. दोन हजार किलोमीटरवरच्या माणसाला मी विचारू शकतो, तुम्हाला आपल्या बंधाऱ्यावर जाऊन बाला विचारता आलं नाही.

माफीनामा लिहायला लावू नको. त्यानं आयुष्यात एकदाच सही केलीय, माझ्या शाळेच्या दाखल्यावर.

परेश


पारादीप
१० ऑगस्ट

दादा,

सहा तारखेच्या मीटिंगचं कळलं.

हो, वहिनीनंच सांगितलं. बचत गटाच्या बायका नाश्ता घेऊन आल्या होत्या ना, त्यात ती होती. इतके दिवसही तीच सांगत होती. तिला त्यावरनं एक शब्द बोललास तर मी तिकीट काढून येईन आणि आपण दोघं बंधाऱ्यावर भेटू. ती म्हणाली, “भावोजी, तुमचे दादा घरी जेवत नाहीत. ताट ठेवलं की फोन घेऊन अंगणात जातात.” मी म्हटलं, जाऊ दे. इसमाच्या पोराला भूक कुठून लागणार.

रिसॉर्टचा तो काचेचा हॉल, समोर अख्खी खाडी. अकरा वाजलेले. माफीनामा टाईप करून ठेवलेला, खाली ‘सही’ लिहून टिंबं टिंबं. साहिल सर म्हणे फार गोड बोलले. “काका, फॉर्मॅलिटी आहे. आपण सगळे एकाच टीममध्ये आहोत.” बानं टोपी काढून मांडीवर ठेवली. कागद रावजी सरांकडनं वाचून घेतला. मग म्हणाला,

“सही करतो. पन एक विचारतो. तुमी सगली शहर चालवनारी मानसा. ही समोर खाडी हाय. आता पानी चढतंय का उतरतंय? कोनी बी एकानं सांगा. बरोबर सांगितलात, लगेच सही.”

सगळ्यांनी काचेतनं बाहेर बघितलं. मॅडमनी डॉक्टरकडं बघितलं. डॉक्टरनी मोबाईल काढला, तर बा म्हणाला, “त्यो नको. डोल्यानं.” शेवटी रिसॉर्टवाला म्हणाला, “चढतंय वाटतं. लाटा येतायत ना.”

“दोन घंटे झाले उतराया लागून,” बा म्हणाला. “आज द्वादशी. नवाला भरती व्हती.” टोपी घातली आणि चालत घरी आला.

वहिनी सांगताना हसत होती, मीही हसलो. मग ती म्हणाली, “तुमच्या दादांना माहीत असणार.” आणि माझं डोकं फिरलं.

तुला माहीत होतं! पाचात एकटा तूच होतास ज्याला बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ, हे झोपेत येतं. आणि तू मान खाली घालून मोबाईल बघत बसलास. तिथंसुद्धा लाजलास. बापानं भरल्या सभेत विचारलं आणि तुला आपल्या खाडीचं पाणी ओळखीचं दाखवायची लाज वाटली. त्या दिवशी तू माझ्या मनातनं उतरलास, ओहोटीसारखा नाही, ओहोटीचं पाणी परत चढतं.

आता तुझी ती शेवटची ओळ. गेट बनत होतं तेव्हा तू कुठे होतास.

तिथंच होतो. वेल्डिंगच्या शेडमध्ये. ते गेट मी वेल्ड केलंय.

एप्रिलमध्ये ड्रॉईंग आलं. मी बघितलं, झडप नाही. बाजूच्या खाचेतनं सरकणारा नुसता पत्रा. मला कळलं. वेल्डिंग मास्कच्या आत कळलं आणि मी मास्क काढला नाही. बा एकदा डबा घेऊन शेडवर आला होता. गेटभोवती फिरला, हात लावून बघितला. म्हणाला, “पोरा, हिची झडप कुठं हाय? पानी हिला उघडनार कसा?” मी त्याला सगळ्या कामगारांसमोर सांगितलं, “बा, तुला ड्रॉईंगमधलं काय कळतं? घरी जा.”

तो गेला. डबा ठेवून गेला. भाकरी आणि सुकट होती. मी खाल्ली.

का बोललो नाही, तर साहिल सरांनी मला इथल्या कामासाठी चिठ्ठी द्यायचं कबूल केलं होतं. मला पाणखारमधनं सुटायचं होतं. तुझ्या डंपरवर तुझा भाऊ म्हणून राबायचं नव्हतं. चिठ्ठी मिळाली, पाच जूनला गाडीत बसलो. आता लांबून तुला शिव्या देतोय. दोन पत्रं लिहिली, दोन्हीत हे खाल्लं. तू खुर्चीसाठी गप्प बसलास, मी चिठ्ठीसाठी. बाला इसम तुम्ही पाच जणांनी लिहिलं, पण ‘तुला काय कळतं’ असं तोंडावर म्हणणारा पहिला मी.

म्हणून सोबत वेगळा कागद जोडलाय. वाच.

‘मी परेश दयाराम, राहणार पाणखार, लिहून देतो की नवीन गेट मी माझ्या हाताने बनवले. त्यात आपोआप उघडणारी झडप नव्हती हे मला बनवताना माहीत होते. माझ्या वडिलांनी ते तेव्हाच विचारले होते. मी त्यांना गप्प केले. पंचवीस जुलैला पाणी चुकीच्या वेळी गेट उघडल्यामुळे शिरले. वडिलांनी कुलूप तोडून ते थांबवले. त्यांनी काही बिघडवले नाही. बिघडलेले मी बनवून दिले होते.’

खाली सही आहे. अंगठाही लावलाय, जास्त पक्कं व्हावं म्हणून.

हा कागद घेऊन तू स्टेशनात जा. तुझी सही मागे घे. आणि बाची पहार तिथं पुरावा म्हणून ठेवलीय ती सोडवून आण. गाडीतनं नाही. डिकीत टाकून तर मुळीच नाही. खांद्यावर टाकून, बाजारातनं, चालत. त्या अर्जावरनं बाला पहारीसकट पोलीस स्टेशनात नेताना ज्यांनी बघितलं त्यांनी तुला तिथनं येताना बघू दे.

नाही केलंस तर गणपतीला मी येत नाही. आणि नंतरही नाही.

परेश


पारादीप
२६ ऑगस्ट

दादा,

उद्या गणपती. तिकडं प्रत्येक घरात पोरं आली असतील, मी इथं. रजा तीन तारखेपासूनच आहे, म्हणून नाही आलो. तुझ्यावरच्या रागानं नाही आलो असं तू समजला असशील तर तेही थोडं खरं होतं, गेल्या मंगळवारपर्यंत.

मंगळवारी तू चाललास.

मला तीन जणांचे फोन आले. नामा पोस्टमननं तर ड्युटीवरनं केला. म्हणाला, “अरे, तुझा भाऊ पांढऱ्या शर्टावर गंजकी पहार घेऊन चाललाय, खांद्यावर लाल डाग पडलाय, याला काय झालंय?” सलूनवाल्यानं हाक मारली, “केतनशेठ, गाडी बंद पडली का?” तू चालतच राहिलास. मच्छी मार्केटपाशी बुधाजीकाका उठून तुझ्या बाजूनं चालायला लागला, म्हणे घरापर्यंत. वहिनीनं सांगितलं की हवालदारानं पहार देताना विचारलं, “ही तुमच्या कोणाची?” आणि तू म्हणालास, “त्याच इसमाची. माझ्या बापाची.”

डॉक्टरनीही सही काढून घेतली हे ऐकलं. बाकी तिघांची आहे. असू दे. अर्ज अजून फायलीत आहे आणि साहिल सर तुझ्याशी बोलत नाहीत. मला चिठ्ठी देणाऱ्या माणसाचं गेट मी कागदावर चुकीचं ठरवलं, माझीही नोकरी कधी जाईल सांगता येत नाही. तेही असू दे. पण तू राजीनामा लिहिलायस असं कळलं. फाड तो. तू उठून आलास तर त्या टेबलावर चढतंय का उतरतंय हे कळणारा कोण उरणार? बाला खुर्ची द्या असं डॉक्टर म्हणाले तर बा म्हणाला, “मना खुर्ची नको, झडप द्या.” म्हणून तुलाच बसायला लागणार. बस, आणि बोल.

आता एक गोष्ट, जी लिहायला मला सगळ्यात जड जातेय.

परवा बाशी बोललो. मी त्याला म्हटलं, “केतन त्या दिवशी सभेत गप्प बसला, त्याला पाण्याचं माहीत होतं, तरी लाजला.” बा म्हणाला, “तू येडा हायस. मी काय बोललो व्हतो? बरोबर सांगितलात, लगेच सही. केतननं तोंड उघडला असता तर मना सही करावी लागली असती. मी त्याच्याकडंच बगत व्हतो. त्यानं नाय उघडला.”

दादा, मी दहा तारखेला तुला काय काय लिहिलं ते आठवतंय मला. मनातनं उतरलास वगैरे. तू ते पत्र वाचलंस, उलट एक ओळ पाठवली नाहीस आणि मग पहार आणायला गेलास. निदान शिवी तरी द्यायचीस. आईवरनं सोडून कोणतीही.

राग गेला असं समजू नको. पहिल्यांदा, जेव्हा दहा ते पाचचा कागद आला, तेव्हाही तू गप्प होतास आणि ते गप्प बसणं वेगळं होतं. बुधाजीकाकाच्या शेतातला खार दोन पावसाळे निघणार नाही. त्याचं तू आणि मी काय करणार आहोत ते समोरासमोर बोलू. पत्रात मला नुसतं भांडता येतं.

आता काम ऐक. मी पाच तारखेला पोचतो. तोवर सेल्फी पॉईंटवरची झडप उतरवून ठेव. तुमच्या मंचाची परवानगी घे, नाही मिळाली तर पहार घरात आहेच. पॉलिश खरवडून काढ, ऐनाला काही झालं नसणार. तिच्या मापाची चौकट मी गेटला मारतो, बिजागरी वरच्या अंगाला. बा माप सांगेल, मी वेल्डिंग करीन, तू बॅटरी धर. मास्क या वेळी मी आधी काढेन, त्यानं काही विचारलं तर.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा आहे. त्या दिवशी झडप पहिल्यांदा पाणी घेईल. मॅडमना बोलव, डॉक्टरना, रावजी सरांना, रिसॉर्टवाल्याला बोलव, साहिल सर आले तर त्यांनाही. सगळे बंधाऱ्यावर उभे राहतील. बा विचारणार आहे, मला माहीत आहे तो विचारणारच, भरती किती वाजता आणि पाणी कधी उतरायला लागणार.

या वेळी मोठ्यानं सांग.

परेश